हरतालिकेच्या पत्रीतला अशोक

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी पत्रीची जुडी घरात आली की ती सोडून एकेक पान ओळखायचे, हा आमच्या घरांतल्या मुलींचा जुना उद्योग. आघाडा, रुई, धोतरा, मरवा ही पाने वासावरून किंवा लवेवरून कळतात. दूर्वा, बेल आणि तुळस तर डोळे मिटूनही ओळखावीत. हरतालिकेच्या पत्रींच्या यादीत सोळा नावे असतात. पोथीपोथीत एखाददुसऱ्या नावाचा फरक पडतो, पण यादीच्या अखेरीस बहुधा बकुळ आणि अशोक शेजारी शेजारी येतात. बकुळ मिळाली नाही तर आजी अक्षता वाहून वेळ निभावून नेते. अशोकाची मात्र कधीच टंचाई पडत नाही. आवाराच्या भिंतीला लागून सरळसोट झाडे उभी असतात, त्यांचे लांबट, चकचकीत, कडेला लाटा असलेले पान तोडायचे आणि पार्वतीला वाहायचे. आम्ही बडोद्याची मराठी माणसे कित्येक पिढ्या हेच करत आलो आहोत.

हे पान अशोकाचे नाही.

आमच्या गुजराती शेजारणी दिवाळीला याच पानांचे तोरण दाराला बांधतात आणि त्याला आसोपालव म्हणतात. आसोपालव हा शब्दही मुळात 'अशोकपल्लव' असावा असे मानतात. म्हणजे घोटाळा एकट्या मराठीचा नाही, दोन्ही भाषांनी मिळून केलेला आहे. बंगालमध्ये तर याच झाडाला 'देबदारु' म्हणतात. गणपतीच्या एकवीस पत्रींत देवदार आहे, हे लक्षात घेतले तर कोलकात्यातून आलेल्या एखाद्या पाहुण्याला आमच्या हरतालिकेच्या जुडीत दुसऱ्या दिवशीच्या गणपतीचे पान दिसायचे! असो. वनस्पतिशास्त्रात हे झाड सीताफळाच्या कुळातले आहे. त्याची फुले हिरवट, चांदणीसारखी, पानांत लपलेली असतात आणि फळे वटवाघळांना प्रिय.

खरा अशोक, ज्याला सीतेचा अशोक किंवा रक्ताशोक म्हणतात, तो चिंच, बाहवा, कांचन यांच्या कुळातला. तो उंच सरळ खांबासारखा वाढत नाही, घेर धरून सावली देतो. एका देठावर चार-सहा जोड्या पाने असतात. नवी पालवी तांबूस, मऊ, जणू कोमेजल्यासारखी खाली लोंबते आणि मग हळूहळू ताठ होऊन हिरवी होते. फुले वसंतात येतात. आधी केशरी-पिवळी, मग लाल होत जाणारी, गुच्छांनी, आणि नुसत्या फांद्यांवर नव्हे तर जुन्या खोडावरही फुटलेली. गंमत अशी की या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती रंगीत झालेली निदले असतात. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या ओलसर सावलीत हे झाड मूळचे राहणारे. कोकणातली आणि गोव्यातली जी मंडळी आमच्या मंडळात आहेत, त्यांच्यापैकी काहींनी ते रानात पाहिलेले आहे. आम्ही बाकीच्यांनी ते चित्रांत पाहिले.

घोटाळा पूजेपुरता असता तर स्मरणिकेची पाने त्यावर खर्ची घातली नसती. देव पान पाहत नाही, भाव पाहतो, असे म्हणून पुढे जाता आले असते. पण अशोकाची साल हे गेली हजारभर वर्षे बायकांचे औषध आहे, आणि औषधाला भाव चालत नाही.

बायका आणि अशोक यांचे नाते औषधाच्याही आधीचे. भारहुतच्या स्तूपावरची चुलकोका देवता इसवी सनापूर्वीच्या शतकांतली. ती एका झाडाला हात आणि पाय वेढून उभी आहे, आणि ते झाड अशोकाचे असल्याचे अभ्यासक सांगतात. हे शिल्प आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात तर सारा प्रसंगच या झाडाभोवती रचलेला आहे. राणी धारिणीच्या बागेतला अशोक फुलत नाही. सुंदर स्त्रीने नूपुर घातलेल्या पायाने स्पर्श केला की तो फुलतो, असा संकेत. राणी झोपाळ्यावरून पडून पायाला इजा झालेली, म्हणून ती मालविकेला पाठवते. ही मालविका दासी म्हणून वावरते, पण असते विदर्भाची राजकन्या. म्हणजे कालिदासाने विदिशेचा अशोक फुलवायला आपल्याकडची मुलगी नेली, असे म्हणायला हरकत नाही.

झाडाच्या या इच्छेला संस्कृतात 'दोहद' म्हणतात. आपले 'डोहाळे' त्याच शब्दाचे पोर. फुलण्याआधी झाडाला डोहाळे लागतात आणि बाळंतपणाआधी बाईला, हा विचार एकाच शब्दात बसलेला आहे. डोहाळजेवणात फुलांचा मुकुट आणि वाडी भरताना आम्हाला तो कुठे आठवतो!

चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या पाण्यातून प्राशन कराव्यात, असे धर्मशास्त्रात सांगितले आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय, म्हणजे बाबा पाध्ये यांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या 'धर्मसिंधू'त हा विधी आहे, आणि काही पंचांगांत आजही त्या दिवशी 'अशोककलिकाप्राशन' असे छापलेले दिसते. बंगाली बायका चैत्रातल्या अशोकषष्ठीला मुलांसाठी व्रत करून कळ्या गिळतात. आमच्याकडे पंचांगातला शब्द उरला, कळी गेली.

आता औषधाकडे वळू. येथे आमची एक समजूत मोडावी लागली. अशोकारिष्ट म्हटले की 'चरकसुश्रुतांपासून चालत आलेले' असे बाटलीवरच्या भाषेत आम्ही म्हणत होतो. चरकसंहितेत अशोक आहे, पण तो वेदना शमवणाऱ्या दहा द्रव्यांच्या गटात. बायकांच्या रक्तस्रावाशी त्याची खास गाठ चरकाने घातलेली नाही. सुश्रुताने त्याला लोध्र, पळस, कदंब यांच्याबरोबर एका गणात बसवले आणि तो गण योनिदोष दूर करणारा व स्राव थांबवणारा म्हटला. सूत्र तेथे दिसू लागते. पण अशोकाच्या सालीला एकटीला पुढे काढून 'हे अतिरक्तस्रावाचे औषध' असे ठामपणे सांगणारा प्रसिद्ध पाठ येतो तो चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात, अकराव्या शतकात, बंगालमध्ये. चक्रपाणीचे वडील नारायण हे गौडाचा राजा नयपाल याच्या मुदपाकखान्याचे अधिकारी होते. मुलाने दिलेली कृतीही स्वयंपाकघरात शोभेल अशी आहे. सालीचा काढा करायचा, तो दुधात आटवायचा, पाणी आटून दूध तेवढे उरले की गार करून सकाळी, झेपेल तेवढे प्यायचे. ज्या रोगासाठी हे सांगितले त्याचे नाव असृग्दर. आपल्या घरांत त्याला नाव नव्हते. 'अंगावर जाते' एवढेच म्हणत, तेही आवाज खाली करून. पांढरे जात असेल तर 'धुपणी' हा शब्द होता.

अशोकारिष्ट त्याहून पुष्कळ अलीकडचे. त्याची कृती मिळते ती गोविंददासांच्या 'भैषज्यरत्नावली'त, प्रदराच्या प्रकरणात. हा ग्रंथही बंगालचाच. एक तुला साल चार द्रोण पाण्यात चौथाई उरेपर्यंत उकळायची. सरकारी औषधसूचीच्या मापाने हे ४.८ किलो साल आणि सुमारे ४९ लिटर पाणी होते. त्यात सालीच्या दुप्पट गूळ, सोळा पळे धायटीची फुले, मग जिरे, नागरमोथा, सुंठ, दारुहळद, कमळ, त्रिफळा, आंब्याची कोय, अडुळसा आणि चंदन, प्रत्येकी एक पळ. यादीत अजाजी आणि जीरक अशी दोन नावे येतात, अर्थ दोन्हींचा जिरेच, म्हणून एक पांढरे आणि एक काळे धरण्याची रीत आहे. भांड्याचे तोंड बांधून महिनाभर ठेवायचे. धायटीच्या फुलांमुळे गूळ आंबतो आणि आपोआप थोडे मद्य तयार होते. सोवळ्यात वावरणाऱ्या, एकादशी न मोडणाऱ्या आमच्या पणज्या रोज दोन वेळा दोन-दोन चमचे हे मद्य घेत होत्या. त्यांना कोणी ते सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्यांनी बाटली फेकली असती असे वाटत नाही. गुण येतो म्हणून घेत होत्या.

बंगालची ही कृती आमच्या फडताळात आली कशी? छापखान्यातून आणि आगगाडीतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत आयुर्वेदाचे ग्रंथ छापून निघू लागले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने पुढे चरक आणि सुश्रुत यांच्या ज्या आवृत्त्या काढल्या त्या वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य या मूळच्या पोरबंदरच्या पंडिताने सिद्ध केलेल्या. गुजराती विद्वान आणि मराठी छापखाना, ही जोडी बडोदेकरांनी ध्यानात ठेवावी अशी. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथ मराठी घरांत होता तसा गुजराती घरांतही होता. घरातला शिकलेला माणूस त्यात पाहून काढे सांगत असे. दुसरीकडे कारखाने निघाले. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ चे, सांडू १८९९ चे, झंडू १९१० चे. जे अरिष्ट करायला महिना लागे, ते तयार बाटलीत मिळू लागले. घरी साल कुटणे थांबले ते तेव्हापासून. आणि घरी साल कुटणे थांबले की साल कशी दिसते हेही विसरले जाते.

त्या काळी बाटलीला पर्याय काय होता, हेही पाहिले पाहिजे. पुरुष डॉक्टरला असले दुखणे सांगायचे नाही, हा घरोघरचा कायदा. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि १८९५ च्या सुमारास आपल्या जवळच, सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. मग राजकोट. अशा बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळ्यांना अशोकारिष्ट. ती बाटली फडताळात लोणच्याच्या बरणीमागे असे. ती कोणाची आहे हे घरातल्या बायकांना ठाऊक, पुरुषांना नाही, मुलांनी विचारले तर 'शक्तीचे औषध'. वर्षानुवर्षे रक्त जाऊन पांढऱ्याफटक पडलेल्या बायका त्याच बाटलीवर दोन वेळचा स्वयंपाक उरकत.

त्यांना गुण येत होता का? काहींना येत असणार. सालीत कषायद्रव्ये भरपूर आहेत, ती तुरट, आवळून धरणारी. प्रयोगशाळांत तिच्या घटकांवर बरेच काम झाले आहे. बायकांवर नीट आखलेल्या मोठ्या चाचण्या मात्र फार थोड्या. तेव्हा अशोकाला खोटे म्हणण्याचा आमचा हेतू नाही आणि रामबाण म्हणण्याचाही नाही.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्यातल्या एका घरची काकू. पाळी जाऊन चार वर्षे झालेली, आणि पुन्हा अंगावर जाऊ लागले. तिने कोणाला सांगितले नाही. सासूने जे केले तेच केले. जावेकडून बाटली मागवली आणि सात-आठ महिने नेमाने घेतली. मधे काही आठवडे थांबलेसे वाटले, तेव्हा तिने सत्यनारायणही घातला. अखेर मुलीने जबरदस्तीने नेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की इतके दिवस काय करत होता? पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर त्यावर काढा नव्हे, तपासणी. हे आज कुठलाही जाणता वैद्यही सांगतो. काकूला ते सांगणारे कोणी नव्हते, कारण तिने विचारलेच नव्हते. ती गेली त्याला बरीच वर्षे झाली. तिच्या मागे फडताळात अर्धी बाटली निघाली.

त्या बाटलीत अशोक होता की नव्हता, हा प्रश्न आम्हाला पुढे पडला. एखाद्या कारखान्यावर बोट ठेवण्यासाठी नव्हे. प्रश्न पडला तो एकूण बाजाराचा. काष्ठौषधी विकणाऱ्याला गुजरातीत गांधी म्हणतात. गांधीच्या दुकानात साल मिळते ती वाळलेली, तुकडे केलेली, पोत्यात भरलेली. तिला ना पान ना फूल. आसोपालवची साल वाळवून 'अशोकछाल' म्हणून विकणे सोपे, कारण ते झाड प्रत्येक रस्त्यावर आहे आणि नाव तर आधीच दिलेले आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी बंगळुरूच्या संशोधकांनी दक्षिण भारतातील बाजारांतून अशोकाच्या सालीचे पंचवीस नमुने घेऊन जनुकीय तपासणी केली. ऐंशी टक्क्यांहून अधिक नमुने अशोकाचे नव्हते. काही तर अगदी भलत्याच कुळांतल्या झाडांचे होते. आणि हा शोध सह्याद्रीच्या अंगणातला, जेथे खरा अशोक उगवतो.

खरी साल एवढी दुर्मीळ का झाली, त्याचे कारण औषधातच आहे. फळ तोडले तर झाड राहते, पान तोडले तर राहते. साल खोडाभोवती गोल काढली की मुळांकडे अन्न जाण्याची वाटच तुटते आणि झाड उभ्याउभ्या वाळते. जाणते वैद्य एका बाजूची पट्टी काढत, जखम भरू देत, मग पुढच्या खेपेला दुसरी बाजू. पोत्यावर भाव घेणाऱ्याला तेवढी सवड कोठून! अशोक सावकाश वाढणारा. १९९८ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्याला धोक्यात आलेल्या जातींत घातले. ज्या झाडाच्या नावातच शोक नाही, त्याची ही अवस्था.

नावाची कथा विद्वानांकडेही फारशी वेगळी नाही. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण होते. त्यांची कोंकणीतली, नागरी लिपीतली ग्वाही ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेली आहे. त्या ग्रंथात हे झाड 'अशोगम' या आपल्याच नावाने आले. पुढे १७९४ मध्ये सर विल्यम जोन्स वारले आणि रॉक्सबर्ग याने त्यांच्या स्मरणार्थ झाडाला 'जोन्सिया अशोका' केले. नंतर कळले की लिनियसने १७६७ मध्येच या वंशाला 'सराका' म्हटले आहे. मग कितीतरी वर्षे आपला अशोक 'सराका इंडिका' म्हणून पुस्तकांत राहिला. औषधांच्या बाटल्यांवर काही ठिकाणी तो अजून तसाच आहे. इंडिका ही पूर्वेकडच्या देशांतली वेगळी जात, आपला तो 'सराका अशोका', हा उलगडा पक्का झाला १९६८ मध्ये. पंडितांना एक झाड नीट नावाने हाक मारायला दोनशे वर्षे लागली, तर पत्रीवालीला काय दोष द्यावा?

तीन वर्षांपूर्वी हा सगळा गुंता लक्षात आल्यावर आमच्यातल्या काही जणींनी सीतेच्या अशोकाची दोन रोपे आणवली. रोपवाटिकेतून पहिल्या खेपेला आसोपालवच आला. चिठ्ठीवर 'अशोक' लिहिले होते, तेव्हा तक्रार तरी काय करायची? दुसऱ्या खेपेला जोडीजोडीने लागलेली पाने मोजून घेतली. त्यांतले एक रोप पहिल्या उन्हाळ्यात गेले. दुसरे मंडळाच्या आवारात, विहिरीच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत जगले आहे. उंची अजून कमरेइतकीही नाही. गेल्या पंधरवड्यात त्याला नवी पालवी फुटली. तांबूस आणि लोंबती, म्हणून एकीला वाटले की पाणी कमी पडले, आणि तिने दोन बादल्या ओतल्या.

पाने तोडण्याइतके ते अजून मोठे नाही. यंदाच्या हरतालिकेला जुडीत आसोपालवच असेल. मुलींनी विचारले तर मात्र काय सांगायचे ते ठरले आहे. विहिरीपाशी नेऊन दाखवायचे.